‘खाण तशी माती’ म्हणणं बंद करा

पाचवीच्या वर्गात बाईंचे पन्नास रुपये सापडेनात. कुणी काही बोलायच्या आत सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. तिथल्या पारधी पोरानं न सांगताच उठून दप्तर जमिनीवर पालथं केलं. दोन वह्या, तुटकी पट्टी, फडक्यात बांधलेली भाकरी. पैसे बाईंच्याच हजेरीपुस्तकात निघाले. त्या पोराची माफी कुणी मागितली नाही. मी त्याच शाळेत शिक्षक होतो. मीही मागितली नाही.

चोरी रक्तातच असते असं धरून इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, त्यांची हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, माणसं विमुक्त झाली. आपल्या तोंडून मात्र ती हजेरी अजून चालू आहे: खाण तशी माती, दारुड्याचं पोर दारुडंच.

आता काही जण यासाठी जनुकांचा दाखला देतात. मग विज्ञान पुरतं ऐका. दारूच्या व्यसनात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो, असं जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसतं. पण हा हिशेब समूहाचा आहे. तुमच्या शेजारच्या पोराचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. ‘दारूचं जनुक’ किंवा ‘चोरीचं जनुक’ असं काही नसतंच. २०२१ साली सुमारे १५ लाख लोकांच्या माहितीतून व्यसन आणि बेबंद वागण्याशी जोडलेल्या जनुकसंचातल्या ५७९ जागा सापडल्या, आणि एकेका जागेचा परिणाम चिमूटभर. त्यातही ही माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग संशोधकांनी वर्षानुवर्षं ठेवला. मेंदूतली रसायनं मोडणारं एक विकर काही मुलग्यांत जन्मतःच कमी काम करत होतं. त्यांतले जे लहानपणी मारझोड आणि हेळसांड सोसत वाढले, ते मोठेपणी हिंसेकडे जास्त वळले. त्या विकराचं तसंच जनुक घेऊन जे मायेत वाढले, त्यांच्यात तसं दिसलं नाही. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा परिणाम तेवढा ठळक आला नाही, पण लहानपणीचा मार पोराला बिघडवू शकतो याबद्दल वाद नाही.

बापाला साखर असली की मुलगा वेळेत रक्त तपासून घेतो, त्यात त्याला लाज वाटत नाही. बाप दारूत गेला असेल तर तीच सावधगिरी बाळगा. पोरांनो, मित्राला पचलेला घोट तुम्हाला महाग पडू शकतो. पहिला पेला हातात घेऊच नका. घेतला असेल तर लपवू नका. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं आहे, तिथं उपचार होतात.

शिक्षकांनो, वर्गात काही हरवलं तर आधी स्वतःचं टेबल तपासा. पोलीसदादांनो, चोरी झाली की पुरावा शोधा, पारध्यांचं पाल नको. आणि मायबहिणींनो, गावातल्या दारू दुकानावर मतदान लागलं तर घरात बसू नका. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हावर, शिक्का मारला की दुकान बंद होतं. त्या दिवशी शेजारणीलाही हाताला धरून घेऊन चला.