गुरूच्या गावी गुरू कसा घडतो?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीस दत्तपादुकांच्या दर्शनासाठी महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसांची रीघ लागलेली असते. गुरूवाचून तरणोपाय नाही, हे या गावी पोराटोरांच्याही तोंडी आहे. मग आमचा एक साधा सवाल आहे. याच वाडीच्या पंचक्रोशीत नावाड्याच्या, शेतमजुराच्या, पेढ्याच्या कढईपुढे राबणाऱ्या कामगाराच्या लेकरास जो पहिले अक्षर शिकवितो, तो गुरू कोठे घडतो? कोणाच्या हाताखाली घडतो? आणि घडता घडता त्याच्या पोटाची व्यवस्था काय? आमचे भांडण कोणाच्या भक्तीशी नाही. परंतु जो समाज पादुकांपुढे तासन्‌तास रांगेत उभा राहतो, त्याने घटकाभर शाळेच्या दारातही उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

प्राथमिक शाळेचा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास आज दोन वर्षांचा डी.एल.एड. हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. पूर्वी यालाच डी.एड. म्हणत, व त्याहीपूर्वी पी.टी.सी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली जे नियम केले, त्यांप्रमाणे या दोन वर्षांपैकी वीस आठवडे छात्राध्यापकाने प्रत्यक्ष शाळेत काढावयाचे असतात; पहिल्या वर्षी चार व दुसऱ्या वर्षी सोळा. त्यास आंतरवासिता असे जड नाव आहे. आमचे जुने मास्तर त्यास छात्रसेवाकाळ म्हणत. नाव काही असो; पुस्तकातला शिक्षक माणसांतला शिक्षक होतो की नाही, याचा निकाल या वीस आठवड्यांत लागतो. म्हणून हा प्रश्न कॉलेजच्या चार भिंतींतला नाही, तो बहुजनांच्या घराघरांतला आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारास बजावले की प्राथमिक शाळांचे शिक्षक शिकवून तयार केलेले असावेत, ते होईल तितके शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते रयतेत मोकळेपणाने मिसळतील व तिच्या गरजा जाणतील. त्यांच्या शिक्षणात शेतीची व आरोग्याची तोंडओळख असावी, आणि पगार बारा रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावी पंधरा-वीस रुपयेही द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. जोतीरावांनी केवळ शाळा मागितल्या नाहीत. शिक्षक कोणत्या घरातला, कसा तयार केलेला व किती पोटभर, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. सावित्रीबाईंनी अहमदनगरास फरारबाईंकडे व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात शिकविण्याचे शिक्षण घेतले. शिकविणे ही शिकून येणारी विद्या आहे, ती कोणाच्या जन्माबरोबर येत नाही, हा सत्यशोधकांचा पहिला पाठ होय.

आमच्या कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, व मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून त्या मुलांस सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम झाला. येथून जवळच्याच कुंभोज गावी जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच साली रयत शिक्षण संस्था काढिली. आणि शाळा काढून भागत नाही, मास्तरही आपणच घडविले पाहिजेत, हे ओळखून १९३५ साली साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज उघडले. या तिघांच्या पुण्याईने आज काय झाले? जोतीरावांच्या तीन मागण्यांपैकी पहिली पुष्कळ अंशी पुरी झाली. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारे मास्तर व बाई बहुतांशी आपल्याच घरांतून आलेल्या आहेत. कुणब्याची मुलगी, धनगराचा मुलगा, बौद्धवाड्यातला तरुण आज फळ्यापुढे उभा आहे. यात आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु बहुजनांच्या घरी जन्मला एवढ्याने मास्तर बहुजनांचा होत नाही, हे स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

एक उदाहरण घ्या. नवा छात्राध्यापक वर्गावर उभा आहे. पहिल्या बाकावरची पोर उठून सांगते, “बाई, पानी लई चढलंय, आमी काल मामाकडं गेलतो.” छात्राध्यापिकेच्या स्वतःच्या घरी आई हेच बोलते, ती स्वतः सुट्टीत हेच बोलते. पण टाचणाची वही हातात येताच ती म्हणते, “असे अशुद्ध बोलू नये. नीट बोल.” पोर खाली बसते, व पुन्हा वर्षभर उठत नाही. येथे व्याकरण सुधारले नाही; एक जीभ बंद पडली. शिरोळ तालुका कर्नाटकाच्या सीमेवरचा. कोणाच्या घरी कानडी चालते, कोणाच्या घरी दखनी, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या मुलाच्या तोंडी बीडकडची बोली. ही सारी एका वर्गात बसतात. पुस्तकी मराठी या मुलांस जरूर आली पाहिजे, कारण तिच्यावाचून कचेरीचा अर्जही लिहिता येत नाही. पण ती त्यांच्या बोलीच्या खांद्यावर हात ठेवून आली पाहिजे, बोलीच्या मानेवर पाय देऊन नव्हे. ज्या अलिप्तपणाबद्दल जोतीरावांनी त्या काळच्या ब्राह्मण पंतोजीस दोष दिला, तोच अलिप्तपणा आज आपल्याच माणसाने अंगरखा म्हणून अंगावर चढविला तर तो सोवळ्याचाच दुसरा प्रकार होय.

हा अंगरखा उतरविण्याची जागा म्हणजे छात्रसेवाकाळ. चांगल्या वर्गशिक्षकाच्या हाताखाली सोळा आठवडे काढलेला छात्राध्यापक हळूहळू शिकतो की पाठ टाचणात नसतो, तो मुलांत असतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांस इशारा व ४३ फुटांस धोका, हे पावसाळ्यात या भागातील पोरासोरांच्या कानी पडते. पाणी इशाऱ्यापासून धोक्यापर्यंत किती फूट चढावयाचे, असे विचारले तर वजाबाकीस भिणारे पोरही चटकन ‘चार’ म्हणेल. कारण त्या चार फुटांत त्याचे घर, त्याची म्हैस व त्याची दप्तराची पिशवी आहे. अपूर्णांक शिकवावयाचे तर न पाहिलेल्या पदार्थाचे चित्र कशास? पावकिलो व अर्धा किलो पेढ्याचे खोके वाडीच्या मुलास डोळे मिटून ओळखता येते. दोन पावकिलो मिळून अर्धा किलो, हे ज्यास दुकानात कळते त्यास फळ्यावर का कळू नये? मुलास अक्कल नाही असे नव्हे. दुकान व फळा यांमध्ये पूल बांधणारा मिळाला नाही, एवढेच.

आणि शेवटच्या बाकावरचे मूल! यात्रेच्या गावी पौर्णिमेस व दत्तजयंतीस हातावर पोट असलेल्या घरी लहानग्याचाही हात कामी लागतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शिक्का बसतो. तो का आला नाही, हे विचारण्यास त्याच्या घरापर्यंत चालत जाणे, हाही शिकविण्याचाच भाग आहे, हे कोणत्या पाठ-निरीक्षणाच्या वहीत लिहिलेले असते? महापुराचे पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वाराचे स्नान म्हणून लोक धावतात. तेच पाणी पुढे गोरगरिबांच्या घरांत शिरते. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालांच्या पुरांनी शिरोळ तालुक्यास झोडपले. पूर ओसरल्यावर वर्गात परत आलेल्या मुलापुढे प्रथम पुस्तक उघडावे की त्यास बोलू द्यावे, हे जाणणारा तोच खरा शिक्षक.

आता घडते काय ते पाहू. छात्राध्यापक शाळेत जातो. एखादी जागा रिकामी असेल तर त्याच दिवशी सबंध वर्ग त्याच्या गळ्यात पडतो. कधी एकदम दोन वर्ग. ज्याने त्यास शिकवावयाचे तो वर्गशिक्षक ऑनलाइन माहिती भरण्यात, शालेय पोषण आहाराच्या नोंदीत व बैठकांत गुंतलेला. पाठ कसा झाला, चूक कोठे झाली, हे सांगावयास त्यास फुरसत नाही. संध्याकाळी छात्राध्यापक टाचणे, तक्ते, अहवाल व फाइली रंगवितो. शेवटी गुण पडतात ते फाइलीस. अशा रीतीने जी विद्या गुरूच्या शेजारी उभे राहून शिकावयाची, ती कागदावर उरकली जाते. दोष आम्ही त्या दमलेल्या वर्गशिक्षकास देत नाही. ज्या व्यवस्थेने त्यास कारकून केले, तिचा हा दोष आहे.

कोणी म्हणेल, “आम्हांस कोणी शिकविले होते? पाण्यात पडले की पोहता येते.” असे म्हणणाऱ्यांनी कृष्णाकाठी येऊन पाहावे. येथला कोणता बाप आपल्या पोरास पहिल्याच दिवशी भर धारेत ढकलतो? तो कमरेला भोपळा बांधतो, काठाकाठाने नेतो, हात सोडतो, पुन्हा धरतो. शिवाय येथे बुडतो तो शिकविणारा नव्हे. कच्च्या मास्तराच्या पहिल्या वर्षाची किंमत त्या वर्षीची चाळीस मुले भरतात. ज्याच्या बापास शिकवणी लावण्याची ऐपत आहे तो ती भरून काढतो; ज्यास नाही, त्याचे पोर मागे राहते, आणि मग लोक म्हणतात, या जातीस विद्या मानवत नाही!

पोटाचा प्रश्न तर उघडा आहे. कारखान्यातील उमेदवारास १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन आहे, इस्पितळातील नवशिक्या डॉक्टरासही विद्यावेतन आहे; परंतु शाळेत सोळा आठवडे राबणाऱ्या छात्राध्यापकास तसे सर्वांस लागू होणारे विद्यावेतन नाही. एस.टी.चे भाडे, तक्त्यांचा कागद, दुपारची भाकरी हे सारे शेतकरी बापाच्या खिशातून. पुढे परीक्षा पार करून, भरतीची वर्षे मोजून नोकरी लागलीच, तर तीन वर्षे शिक्षणसेवक. त्याचे मानधन दरमहा सहा हजार होते. २०२३ साली ते सोळा हजार झाले. जोतीरावांनी पगाराचा प्रश्न शिकवणीच्या जोडीने का मांडला, हे आता उलगडावे. २००० नंतर खासगी डी.एड. कॉलेजांचे पेव फुटले, आमच्या बापांनी जमिनी गहाण टाकून पोरे धाडिली, पुढे भरती थंडावली व कॉलेजे ओस पडली. त्या फसवणुकीची आठवण गावोगावी ताजी आहे. हुशार मुलगा आज मास्तर होऊ इच्छीत नाही यात नवल ते काय?

म्हणून आमच्या मागण्या थोडक्यात सांगतो. पहिली, छात्रसेवाकाळात प्रत्येक छात्राध्यापकास विद्यावेतन मिळावे. दुसरी, त्यास रिकाम्या जागेवरचा फुकटचा मास्तर समजू नये. रिकाम्या जागा सरकारने भराव्यात. तिसरी, मार्गदर्शक वर्गशिक्षकाचे इतर काम त्या काळापुरते कमी करावे व त्याच्या या श्रमाचा मान राखावा. चौथी, पहिले दोन आठवडे छात्राध्यापकाने पाठ घेऊच नयेत. मुलांच्या घरी जावे, त्यांची बोली ऐकावी, कोणाचा बाप कोणते काम करितो हे पाहावे, आणि मग खडू हाती घ्यावा. यांतील पहिल्या तीन सरकारच्या तिजोरीशी व हुकुमाशी बांधलेल्या आहेत. चौथीस मात्र दमडी लागत नाही, ती उद्यापासून करता येईल.

आणि आपण पालकांनी काय करावे? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. ही समिती सही करण्यापुरती नाही. आपल्या शाळेत यंदा छात्राध्यापक कोण आला, त्यास कोण शिकवितो, तो आपल्या मुलाशी कसा बोलतो, हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे. तो परगावचा असेल तर त्यास दोन घास जेवू घाला, आणि तो चुकला तर प्रेमाने सांगा. वाडीस आलेल्या पाहुण्यास आपण बासुंदी वाढतो. आपल्या लेकराच्या गुरूस भाकरी वाढण्यात कसला संकोच?

बंधुभगिनींनो, पादुकांवर डोके ठेवणे सोपे आहे, कारण पादुका काही मागत नाहीत. जिवंत गुरू मात्र मागतो. तो वेळ मागतो, वेतन मागतो, शिकवणी मागतो, आपली नजर मागतो. जोतीरावांनी त्याच्यासाठी ज्या तीन गोष्टी मागितल्या, त्यांपैकी एक आपण मिळविली. उरलेल्या दोन मिळविल्यावाचून स्वस्थ बसणे म्हणजे आपल्याच पोरांस शेवटच्या बाकावर बसवून ठेवणे होय.