आषाढातली कोजागरी

अमेरिकेत जुलै सरतो न सरतो तोच दुकानांच्या फळ्यांवर भोपळ्याची बिअर अवतरते. बाहेर उन्हाने अंगाची लाही होत असते, वेलीवरचा भोपळा अजून हिरवाच असतो. बाटलीवर मात्र पानगळ सुरू झालेली असते. याला शरद ऋतूचा आस्वाद म्हणण्यास आमची हरकत आहे.

ऋतूची बिअर मुळात निरुपायातून जन्मली. उन्हाळ्यात बिअर नासे, म्हणून बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात ती बनवण्यास बंदी झाली. मार्चमध्ये केलेली बिअर थंड तळघरांत मुरत ठेवीत आणि शरदात तिची उरलीसुरली पिंपे रिती करीत. 'मेर्त्सेन', म्हणजे मार्चची, हे नाव त्या प्रतीक्षेची खूण आहे. १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांचे शीतयंत्र आले आणि सक्ती संपली. ते उत्तमच झाले. नासक्या बिअरसाठी उसासे टाकणाऱ्यांतले आम्ही नव्हे.

परंतु सक्ती संपली म्हणून ऋतू संपत नाही. बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची तोडणी वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात ऑगस्टअखेरीस सुरू होते. एरवी ही फुले सुकवून वर्षभर वापरतात. ओली वापरायची तर साधारण दिवसभरात ती कढईत पडावी लागतात. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडाने १९९६ साली अशी बिअर केली. आज अनेक छोटे उत्पादक ती करतात. तिचा हिरवा गंध थोड्याच आठवड्यांत ओसरतो. हा खरा ऋतू: त्याला आगाऊ बोलावता येत नाही आणि साठवताही येत नाही.

यावर विक्रेते म्हणतील, फळीवर जो पहिला तोच विकला जातो. छोट्याने थांबावे कसे? प्रश्न रास्त आहे. पण घाईच्या शर्यतीत मोठा भांडवलदारच जिंकणार, आणि छोट्याचे खरे बळ, शेताशी असलेली जवळीक, तेवढी वाया जाणार.

भोपळ्याशी आमचे वैर नाही. माल्टची टंचाई असताना अमेरिकेतील वसाहतकारांनी तो आंबवला, त्यात गरज होती. आजच्या बहुतेक बाटल्यांत मात्र दालचिनी-जायफळच बोलते.

कोजागरीचे दूध कोणी आषाढातच आटवून पुढे केले, तर ते कितीही दाट असले तरी आपण आकाशाकडे पाहून हसू. बिअर पिणाऱ्यानेही तसेच हसावे, आणि तोडणी होईपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.