पाणी गरम आहे, म्हणून निर्धोक नाही

गुलाबी बोंडअळीनं आपल्याला चांगलाच धडा दिलाय. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा अळी मरत होती. पुढं तेच विष पचवणारी अळी निपजली. रोगजंतूंचंही तसंच झालं आहे. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

असे जंतू फक्त दवाखान्यात असतात, हा समज चुकीचा आहे. ते ओल्या जागी कुठंही तग धरतात, गरम पाण्याच्या कुंडातसुद्धा. चोपडा तालुक्यातलं उनपदेव असो की ठाण्याकडची वज्रेश्वरी, अंगाची खाज, सांधेदुखी घेऊन माणसं श्रद्धेनं जातात. जमिनीतून कढत निघालेल्या पाण्यात रोगजंतू सहसा टिकत नाहीत. दोष लागतो तो नंतर. पाणी कुंडात साठून ४० अंशांच्या आसपास निवलं की जंतूंना मानवतं. स्यूडोमोनास नावाचा जंतू तर ४२ अंशांतही वाढतो. तो कान, कातडी आणि उघडी जखम धरतो. कित्येक औषधं त्याला मुळातच लागू पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ आणि २०२४ च्या धोकादायक जंतूंच्या याद्यांत त्याचा औषधांना न जुमानणारा प्रकार आहे.

इटली, हंगेरीत झऱ्याच्या पाण्यानं वैद्यकीय उपचार होतात. अशा ठिकाणी नुसतं पाणी तपासून भागत नाही. टब, नळ्या, फवारेही बघावे लागतात. ठिबकच्या नळीत बुळबुळीत थर धरतो ना, तसाच तिथंही धरतो. त्या थरात जंतू सुरक्षित राहतात आणि औषध पचवण्याचा गुण एकमेकांना देतात. वरून टीसीएल टाकली तरी आतपर्यंत पोचत नाही. शिवाय गरम पाण्यातून क्लोरीन लवकर उडतो आणि गंधकाच्या पाण्यात तो वायाच जातो.

हा गुण येतो कुठून? आपल्याकडूनच. कोंबड्यांना, जनावरांना विनाकारण दिलेलं अँटिबायोटिक शेणाविष्ठेतून ओढ्याला लागतं. स्यूडोमोनाससारख्या जंतूंवर डॉक्टरांचं शेवटचं हत्यार म्हणजे कोलिस्टिन. तेच कोंबडीच्या खाद्यात जात होतं, म्हणून केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली.

तेव्हा ज्यांच्या हद्दीत कुंड आहे त्या ग्रामपंचायतींनी एवढं करावं. कुंड ठरलेल्या दिवशी पूर्ण उपसून, घासून, वाळू द्यावं. संडास, गोठ्याचं सांडपाणी वरच्या अंगाला नसावं. यात्रेआधी पाण्याचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवून स्यूडोमोनासची तपासणी मागावी. रिसॉर्टवाल्यांना टब-नळ्यांच्या सफाईची नोंद ठेवायला सांगावं. उघडी जखम असलेल्यांनी आणि मधुमेहाची जखम असलेल्यांनी कुंडात उतरू नये, असा फलक लावावा. शेतकऱ्यांनीही पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय जनावराला अँटिबायोटिक देऊ नये.

कुंड देवस्थानचं, ग्रामपंचायतीचं की वनखात्याचं, या वादात सफाई मागं राहते. ग्रामसभेत ठराव करून जबाबदारी एकाच्या नावावर लिहून घ्या. जखमेत शिरलेल्या जंतूवर औषध चालेनासं झालं, तर ती निस्तरणं तालुक्याच्या दवाखान्याच्या आवाक्यात राहत नाही.