बापाच्या शिक्षणाची खरी फी

कुर्डुवाडी हे गाव रेल्वेने घडविले. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी येथून बार्शीकडे धावू लागली. पुढे हे रूळ लातूर आणि मिरजेपर्यंत पोचले. त्यांच्याभोवती हमाल, गँगमन, फिटर अशा श्रमिकांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. 1954 साली ही रेल्वे सरकारी मालकीची झाली. यथावकाश अरुंद रूळ गेले, रुंद रूळ आले. मात्र ज्यांच्या खांद्यांवरून हे सारे वाहिले गेले, त्यांच्यापुढील शिक्षणाची वाट अरुंदच राहिली. अंगमेहनतीच्या जागेसाठीही रेल्वे आता दहावीचा वा आयटीआयचा दाखला मागते. सातवीतून शाळा सुटलेल्या आणि आज दोन मुलांचा बाप असलेल्या मजुराने हा दाखला आणावा तरी कोठून?

यावर सरकारी उत्तर तयार आहे. बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. 1989 पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दारे उघडी आहेत, प्रौढांनाच इच्छा नाही, असा निष्कर्ष काढून अधिकारी मोकळे होतात. या संस्थांचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु दार उघडे असणे आणि दारापर्यंत जाण्याची ऐपत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातील सत्य येथे सोयिस्करपणे विसरले जाते.

विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, पुस्तके आणि वह्या. बापाच्या शिक्षणाचा खर्च म्हणजे बुडालेला रोज. वर्गात बसलेल्या दिवशी त्याच्या घरची चूल कशावर पेटणार, हा खरा प्रश्न आहे. फी संपूर्ण माफ केली तरी हा प्रश्न सुटत नाही. म्हणूनच ज्या मदतीत बुडीत मजुरीचा विचार नाही, ती मदत नसून केवळ सदिच्छा होय.

शासन या सदिच्छेवर किती खर्च करते? 2022 ते 2027 या काळासाठी केंद्राने आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची तरतूद 1037.90 कोटी रुपयांची, आणि उद्दिष्ट पाच कोटी प्रौढांचे. भागाकार केला तर माणशी सुमारे 208 रुपये येतात, आणि तेही पाच वर्षांत मिळून! महाराष्ट्रात 2024-25 मध्ये रोजगार हमीचा मजुरीदर दिवसाला 297 रुपये होता. म्हणजे एका प्रौढाला साक्षर करण्याची किंमत शासनाच्या लेखी एका रोजाहूनही कमी ठरली. शिकविण्याचे काम तर स्वयंसेवकांच्या विनावेतन सेवेवरच सोपविलेले आहे.

शिष्यवृत्त्यांची रचनाही अशीच एकांगी आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांसाठी आहे. योजनाकारांच्या कल्पनेतला विद्यार्थी हा नेहमी कोणाचे तरी अपत्य असतो. तो स्वतः कोणाचा तरी बाप असू शकेल, हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. 1855 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांना मात्र हे दिसले होते.

बापावर खर्च करण्यापेक्षा मुलांवर करावा, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो वरकरणी शहाणपणाचा, पण फसवा आहे. बापाची मिळकत खुंटली की मुलाच्याच हातातले दप्तर सुटते. मुकादमाने लिहिलेला उचलीचा हिशेब किंवा सावकाराचा कागद वाचता न येणारा बाप मुलांचा हक्क तरी कसा राखणार? स्त्रियांच्या वाट्याचे हिरावून पुरुषांना द्यावे, असाही याचा अर्थ नाही. 2011 च्या जनगणनेनुसार पंधरा वर्षांवरील 25.76 कोटी निरक्षरांपैकी 16.68 कोटी स्त्रिया होत्या. म्हणून बुडीत रोजाची भरपाई मजूर आईलाही तितकीच, किंबहुना आधी मिळाली पाहिजे.

हे अशक्य आहे काय? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने पगारी शिक्षणरजेचा करार 1974 सालीच केला. पन्नास वर्षे उलटली तरी भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्राने तर स्वतःच वाट दाखविली होती. 1972 च्या दुष्काळाच्या होरपळीतून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी 1975 साली शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि 1977 साली कायदा झाला. रस्ता खोदण्याची मजुरी समाज देऊ शकतो, तर अक्षरे गिरविण्याची का नाही? आठवड्यातून दोन अर्धे दिवस अभ्यासासाठी धरले, तर चाळीस आठवड्यांत चाळीस रोज होतात. 297 रुपयांच्या दराने ही रक्कम 11,880 रुपये, आणि एक लाख श्रमिकांसाठी 118 कोटी 80 लाख. राज्याच्या तिजोरीला हा बोजा पेलणारा नाही, असे कोणी म्हणू नये.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: नोंदणी केलेल्या प्रत्येक श्रमिक विद्यार्थ्यास अभ्यासाच्या अर्ध्या दिवसांची मजुरी, कंत्राटी कामगारांना परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा, शिष्यवृत्तीत स्वतः कुटुंबप्रमुख असलेल्या अर्जदारास स्थान, आणि कुर्डुवाडीसारख्या जंक्शनच्या गावी कामाच्या पाळ्या पाहून भरणारे संध्याकाळचे वर्ग. कार्यकर्त्यांनी ही मागणी स्थानकावरच्या हमालांपासून उसाच्या फडापर्यंत नेली पाहिजे. लोकशाही समाजवाद ही केवळ संपत्तीच्या वाटपाची गोष्ट नाही. श्रमिकाच्या आयुष्यातील वेळ त्याच्या मालकीची करणे, हाही त्याचाच अर्थ आहे.