जुनेर टाकण्याआधी

दिवाळी जवळ आली की हैदराबादेत काचीगुड्यातल्या जुन्या वाड्यांत काय, कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये काय, कपाटं उपसली जातात आणि नकोशा कपड्यांचं गाठोडं दाराशी येऊन बसतं. माझी विनंती त्या गाठोड्यापुरतीच आहे. ते हातावेगळं करण्याआधी एकदा उलगडा. त्यातले किती कपडे खरोखर संपलेत आणि किती नुसत्या तुटलेल्या बटणापायी, उसवलेल्या बाहीपायी घराबाहेर चाललेत, ते बघा. माझ्या गाठोड्यात गेल्या वर्षी दुसऱ्या प्रकारचेच जास्त निघाले. मला स्वतःची लाज वाटली.

कारण मी ज्या घरात वाढले तिथे जुनेर हा रोजचा शब्द होता. नेसून नेसून मऊ पडलेलं लुगडं म्हणजे जुनेर. मधे विरलं की त्याला दंड घालायचे. विरलेला पट्टा कापून काढायचा, दोन्हीकडची धड टोकं जोडायची आणि नेसताना तो जोड निऱ्यांत जाईल असं बघायचं. दंडाचं लुगडंही थकलं की त्यातून बाळाचं दुपटं निघे, मग मसोतं, अगदी शेवटी पोतेरं. आणि जे कापड जरा दमदार असेल ते वाकळीसाठी बाजूला पडे.

वाकळीबद्दल थोडं सांगते. निजामाच्या राज्यात 16 जिल्हे होते, त्यांतले 8 तेलुगू, 5 मराठी, 3 कानडी. 1956 साली भाषेप्रमाणे त्यांची वाटणी झाली. जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेलं पांघरूण मात्र तिन्हीकडे राहिलं. आपली वाकळ, तेलुगूत बोंत, कानडीत कौदी. माझी आई नांदेडची, शेजारच्या अम्मा नलगोंड्याच्या. उन्हाळ्यात दोघी एकाच वाकळीच्या दोन कडांना बसत. एकीला दुसरीची भाषा अर्धीमुर्धीच कळे, पण कडेपासून धावदोरा घालत आत सरकायचं, पोटातली घडी तळहातानं सारखी करायची, हे सांगावं लागत नसे. मी त्या वाकळीवर झोपून ओळखत असे, ही आईची पिवळी साडी, हा अम्मांचा हिरवा काठ.

शिवताना आई चिडलेली मला कधी आठवत नाही, आणि तिला चिडायला कारणं पुष्कळ होती. त्याचं कारण मला फार उशिरा, स्वतः सुई धरल्यावर कळलं. दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून फोन उचलता येत नाही. नजर सुईच्या टोकावर. पुढचा टाका मागच्याएवढाच यावा, एवढीच त्या घटकेची चिंता. दहा-पंधरा टाक्यांनंतर श्वास आपोआप संथ होतो. मनाचं मोठं दुखणं सुईनं बरं होत नाही, त्यासाठी डॉक्टरकडेच जावं. पण दिवसभर तापलेलं डोकं निवायला अर्धा तास टाके घालण्यासारखं दुसरं मला सापडलेलं नाही.

आता कामाचं. कपडा आधी धुऊन घ्या. सुती कापडाला सुती दोरा. ठिगळ भोकाएवढं कापू नका, चहूबाजूंनी दोन बोटं मोठं ठेवा, कारण भोकाच्या कडेचं कापड विरलेलंच असतं आणि तिथे घातलेला टाका लगेच फाटतो. जीन्सला ठिगळ आतून लावा. नारायणपेठी किंवा पैठणी घडीवर चिरते, म्हणून दर दोन महिन्यांनी घडी बदला. रेशीम हात लावताच फाटू लागलं असेल तर शिवायचा हट्ट सोडा, काठ-पदर काढून नातीचं परकर-पोलकं करा. ताणून सैल झालेल्या स्वस्त लेगिंग्जवरही जीव टाकू नका.

जे आपल्याला जमत नाही त्यासाठी रफूगार आहेत. शहराच्या जुन्या बाजारांत ते अजून बसतात. देशभर पांगलेल्या अनेक रफूगारांचं मूळ उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादला आहे. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून ते भोकावर उभे-आडवे विणतात, म्हणून रफू दिसत नाही. मी एक शेरवानी घेऊन गेले तेव्हा म्हातारा रफूगार म्हणाला, “अम्मा, छेद छोटा था तब कायकू नै लाए?” प्रत्येक धुण्याला भोकाची कड सुटत जाते, ते मला तेव्हा उमजलं. त्यांच्याशी घासाघीस करू नका. डोळ्यांचं काम आहे ते.

एका सुती शर्टामागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगतात. हा कापूस कुठल्या परक्या मुलखातला नाही. परभणीचा, आदिलाबादचा, वरंगळचा, आपल्याच माणसांनी पावसाकडे डोळे लावून पिकवलेला आहे. तो शर्ट एका बटणासाठी जवाहरनगरच्या कचराडेपोत जावा, हे मला सोसत नाही. पॉलिस्टर तर तिथे कुजतही नाही.

ठिगळ म्हणजे दारिद्र्य, असं आपल्या मनात बसलंय, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या आयांनी हौसेनं नाही, गरजेनं शिवलं. त्यांच्या कष्टांचं गोड चित्र मला काढायचं नाही. पण आज आपल्याला निवडता येतं, आणि शाळेच्या गणवेशावर आईनं घातलेला नीटस टाका मुलानं लपवू नये, असं वागणं आपल्या हाती आहे.

तर येत्या रविवारी एकच कपडा काढा. दुपारी, खिडकीशी, उजेडात बसा. सुईत दोरा ओवायला घरातल्या लहानाला हाक मारा, आणि त्यानं ओवून दिल्यावर त्याला जाऊ देऊ नका. चटईवर शेजारी बसवा आणि हातात एक बटण द्या.