सहा रंगांचा ताळेबंद

जळगावच्या दाणा बाजारातील एका पेढीवर दुपारी गिऱ्हाईक ओसरले की सातवीतला नातू दादाजींच्या गादीजवळ येऊन बसे. धुळ्याच्या मामाने आग्रा रोडवरून घेऊन दिलेला रुबिक क्यूब त्याच्या हाती असे. पांढरी बाजू त्याने जुळवली होती. परंतु दुसरी जुळवायची तर पहिली मोडावी लागे, आणि ती मोडण्यास त्याचे मन धजत नसे.

ही अडचण त्याच्या एकट्याची नव्हे. बुडापेस्ट येथील वास्तुकलेचे अध्यापक एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये हा घन तयार केला, तेव्हा तो पूर्ववत करण्यास त्यांना स्वतःलाच सुमारे महिना लागला. १९८० पासून तो जगभर विकला जाऊ लागला. त्याच्या संभाव्य रचनांची संख्या २० अंकी आहे : ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. मात्र कोणतीही रचना जास्तीत जास्त २० हालचालींत सुटू शकते, हे २०१० मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले.

मामाने पुढच्या भेटीत पहिली गोष्ट सांगितली ती ही, की रंग जुळवायचे नसतात, तुकडे जागेवर बसवायचे असतात. घनात २६ तुकडे दिसतात. मधले ६ आपली जागा सोडत नाहीत. ज्या बाजूचा मध्य पांढरा, ती बाजू पांढरीच होणार. कडेच्या १२ तुकड्यांवर दोन रंग आणि कोपऱ्यांच्या ८ तुकड्यांवर तीन रंग असतात. नातवाची पांढरी बाजू जुळलेली दिसत होती, पण तिच्या कडांचे दुसरे रंग भलत्याच मध्यांशेजारी होते. म्हणजे ती जुळलेली नव्हतीच.

म्हणून पाया पांढऱ्या अधिक-चिन्हाने घालावा. त्याच्या चारही कडांचा दुसरा रंग शेजारच्या मध्याशी जुळला पाहिजे. मग पांढरी बाजू तळाशी धरावी. हवा तो कोपरा त्याच्या जागेच्या बरोबर वर, उजव्या हाताला आणावा आणि चार हालचाली कराव्यात : उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी बाजू खाली, वरचा थर उजवीकडे. कोपरा नीट बसेपर्यंत त्याच पुन्हा कराव्यात. त्यानंतर मधला थर, मग पिवळे अधिक-चिन्ह, त्याच्या कडा आणि शेवटी पिवळे कोपरे.

शेवटचा कोपरा फिरवताना खालचे सारे थर विस्कटलेले दिसतात. बहुतेक मुले येथेच घाबरून सोडून देतात. वास्तविक अशा वेळी संपूर्ण घन न वळवता केवळ वरचा थर फिरवून पुढचा कोपरा समोर आणावा आणि क्रम पूर्ण करावा. विस्कटलेले आपोआप जागेवर येते.

महिनाभरात नातू तिथवर पोहोचला. एके दिवशी मात्र सर्व जुळून एकच कोपरा उलटा राहिला. चार वेळा आरंभापासून केले, तरी तेच.

“दादाजी, याचे तीन स्टिकर बदलतो. कुणाला कळणार आहे?”

दादाजींनी चष्मा काढला. “संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आपण आकडा खोडतो का रे?”

“नाही. चुकलेली नोंद शोधतो.”

“मग शोध.”

बराच वेळ विचार केल्यावर त्याला आठवले. आदल्या दिवशी क्यूब ओट्यावरून पडला होता; निखळलेला कोपरा त्याने घाईत बसवला होता. एक कोपरा जागच्या जागी फिरलेला असेल, तर कितीही हालचाली केल्या तरी घन सुटत नाही. तुकडे सुटे करून कसेही जोडले, तर १२ पैकी सरासरी एकाच जोडणीत तो सुटू शकतो. दोष नातवाच्या पद्धतीत नव्हता, आरंभीच्या शिलकेत होता.

त्याने कोपरा काढून सरळ बसवला. स्टिकर बदलले असते तरी घन तसाच दिसला असता. फरक इतकाच की तेव्हा चूक झाकली गेली असती. आता ती सापडली. नंतर त्याने स्वतःच घन विस्कटला आणि पुन्हा पांढऱ्या अधिक-चिन्हापासून आरंभ केला. मोडण्याची भीती आता त्याला उरली नव्हती.