सल्लागाराची खुर्ची आणि वस्तीचा हक्क

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला आणि तो दप्तरात ठेवून दिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन करताच हीच नगरपालिका जागी झाली व त्याच वर्षीच्या ऑगस्टात तिने तो ठरावच रद्द केला! अशा औदार्याची किंमत ज्या समाजाने मोजली, त्याला आज 'नागरिकांच्या सहभागा'चे गोडवे ऐकविले जात आहेत.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तीन लाख व अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांत तीनपर्यंत नागरिक घेण्याची सोय केली. पण कोणते नागरिक? मान्यताप्राप्त संस्थांचे सभासद, आणि तेही नगरसेवकांनी नेमलेले. नाल्याकाठच्या वस्तीतील विहाराचे पंचमंडळ मान्यताप्राप्त कधी होणार? नेमलेला मनुष्य नेमणाऱ्याचाच असतो. म्हणूनच तर बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे नामनियुक्तीस विरोध केला होता.

पुण्यात २००६ पासून नागरिकांस अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची सोय झाली. स्वीकारणे वा नाकारणे मात्र पालिकेच्या हाती. (वकिलीच्या अनुभवावरून सांगतो, कारण न देता बाजूस सारलेल्या अर्जाविरुद्ध दाद मागणे फार कठीण असते.)

आम्हांस सल्ल्याचा मान नको. वस्तीने निवडलेला सभासद, त्यास मताचा अधिकार आणि सूचना नाकारल्यास लेखी कारण, एवढे कायद्यात लिहा. तोवर समितीच्या चहापानास जाणाऱ्या आमच्या बंधूंनी आपण कोणत्या कागदावर सही करीत आहोत, हे तरी वाचून पाहावे.